रिकामी सगळीच छान उडतात: डीसीएसमधली ह्युई, एमआय-८, चिनूक आणि हिंड, माल भरून

डीसीएस वर्ल्ड या कॉम्प्युटरवरच्या लष्करी फ्लाइट सिम्युलेटरमध्ये माल आणि माणसं वाहणारं हेलिकॉप्टर घ्यायचं तर नक्की कुठलं, यावर जे काही वाचायला मिळतं त्यात निम्म्याहून जास्त मजकूर कॉकपिटचं टेक्श्चर, रोटरचा आवाज आणि रॉकेटं किती बसतात याच्यावरच असतो. मला ते पटत नाही. ट्रान्सपोर्ट हेलिकॉप्टर आहे ना, मग त्याची परीक्षा पोटात माल भरल्यावर आणि खाली हुकाला पेटी लटकवल्यावरच घ्यायला हवी, कारण रिकामी असताना ही सगळीच मॉड्यूल्स (डीसीएससाठी वेगवेगळी विकत मिळणारी हेलिकॉप्टरं) सुरेख उडतात, थोडा हात बसला की होव्हर, म्हणजे हवेत एका जागी थांबणं, जमतं, लँडिंग जमतं आणि वाटतं की झालं, आलं आपल्याला. वजन चढलं की मग कळतं कोण काय आहे ते.

म्हणून तुलना करताना सगळ्यांना एकच काम दिलं. कॉकेशसचा मॅप, जो डीसीएससोबत फुकटच येतो, कुटाइसीच्या विमानतळावरून उड्डाण, उत्तरेकडच्या डोंगरात उतारावर एखादी मोकळी जागा बघून तिथे माल पोचवायचा, आणि मिशन एडिटरमध्ये तापमान चढवून ठेवायचं. उंची वाढली आणि त्यात हवा गरम असली की हवा विरळ होते, म्हणजे इंजिनाची ताकद पण कमी आणि रोटरला धरायला हवा पण कमी, असा दोन्हीकडून मार बसतो आणि समुद्रसपाटीला जे वजन सहज उचललं जात होतं तेच वर गेल्यावर खाली ओढायला लागतं. हे डीसीएस फार छान दाखवतं, आणि मला तरी हेलिकॉप्टर सिम्युलेशनमधली सगळ्यात भारी गोष्ट हीच वाटते.

ह्युईपासून सुरू करू. यूएच-१एच डीसीएसमध्ये २०१३ पासून आहे आणि ते वय कॉकपिटमध्ये दिसतं, आजच्या मॉड्यूल्सच्या शेजारी ठेवलं तर ग्राफिक्स जुनं वाटतं, पण उडवायला अजूनही मनापासून आवडतं. इंजिन एकच, लायकॉमिंग टी५३, १४०० हॉर्सपॉवरचं, त्यातली ट्रान्समिशनला झेपते ११००, त्यामुळे टॉर्कच्या, म्हणजे इंजिन रोटरला किती जोर देतंय ते दाखवणाऱ्या, काट्यावरची ५० पीएसआयची रेघ ही तुमची लक्ष्मणरेषा. वर डोंगरात गेलात की इंजिन त्या रेघेपर्यंत पोचतच नाही, आधीच दमतं. एकूण वजनाची मर्यादा ९,५०० पाउंड, म्हणजे साधारण ४,३०० किलो, आणि यात हेलिकॉप्टर, इंधन, क्रू, दारातल्या मशीनगन सगळं आलं, त्यामुळे टाकी पूर्ण भरून वर ११ सैनिक बसवले की तुम्ही मर्यादेला टेकलेलेच असता. म्हणून ह्युईत माल न्यायचा तर आधी इंधनाचा हिशोब करायचा, जायला यायला किती लागतं तेवढंच आणि थोडं वरचं घ्यायचं, टाकी भरून निघायची सवय इथे सोडूनच द्यायची.

आणि हा हिशोब करताना ह्युई जे शिकवते ते दुसरं कुठलंच मॉड्यूल इतकं स्पष्ट शिकवत नाही. कलेक्टिव्ह (हेलिकॉप्टर वर-खाली नेणारा डाव्या हातातला दांडा) हळूहळू वर घ्या, स्किड (चाकांऐवजी असलेल्या खालच्या दांड्या) जमिनीवरून सुटायच्या क्षणी टॉर्क किती आहे बघा, तो आकडा ५० च्या जवळ असेल तर समजा की हाताशी काहीच शिल्लक नाही, मग जमिनीपासून थोडं वर राहूनच नाक जरा खाली करून पुढे सरकायचं, जमिनीलगतच्या हवेचा आधार सोडायचा नाही, आणि १५-२० नॉटला ट्रान्सलेशनल लिफ्ट, म्हणजे पुढे जाण्यामुळे रोटरला मिळणारी जादा उचल, लागली की हेलिकॉप्टर आपोआप हलकं होतं, मग वर चढायचं. घाईघाईत कलेक्टिव्ह ओढलंत तर रोटरचे आरपीएम पडतात, लो आरपीएमचा भोंगा वाजतो, आणि मन म्हणतं अजून वर ओढ, जे नेमकं उलटं आहे, तेव्हा कलेक्टिव्ह खाली करूनच आरपीएम परत मिळवायचे असतात. डोंगराच्या उतारावर समोर झाडं असताना हे करणं म्हणजे छातीत धडधड होते, खरंच होते.

ह्युईला ऑटोपायलट नाही, हात सोडून नकाशा बघायची सोय नाही, दोन पात्यांचा हेलकावणारा रोटर असल्यामुळे नाक जोरात खाली दाबून वजनरहित अवस्थेत गेलात तर मास्ट बंपिंग होऊन, म्हणजे रोटरचा मधला भाग त्याच्याच खांबावर आपटून, रोटरच तुटू शकतो. लांबच्या फेरीत हे सगळं दमवतं. स्लिंग लोडमध्ये तर जास्तच, कारण खाली लटकलेली पेटी झोके घ्यायला लागली की हलकं हेलिकॉप्टर तिच्यामागे ओढलं जातं, तेव्हा झोक्याशी भांडायचं नाही, वेग हळूहळू कमी करायचा आणि सायक्लिकच्या (हेलिकॉप्टर पुढे-मागे, डावी-उजवीकडे कलवणाऱ्या मधल्या काठीच्या) छोट्या हालचाली ठेवायच्या. ज्याला हेलिकॉप्टर उडवायला शिकायचंय त्याने ह्युई घ्यावी असं मी डोळे झाकून सांगेन. ज्याला माल वाहायचाय त्याने मात्र पुढे वाचा.

एमआय-८एमटीव्ही२. माझा कौल यालाच आहे, आधीच सांगून टाकतो.

मूळ एमआय-८ चं पहिलं उड्डाण १९६१ चं आणि या कुटुंबातली १७,००० हून जास्त हेलिकॉप्टरं जगभर बनली, का बनली ते हे मॉड्यूल वजन भरून उडवलं की समजतं. टीव्ही३-११७ जातीची दोन इंजिनं, ती पण एमटीव्हीमध्ये उंचीवरच्या कामासाठी बदललेली, पाच पात्यांचा २१.३ मीटर व्यासाचा रोटर, पोटात ४ टन माल किंवा २४ सैनिक, आणि एकूण वजन १३,००० किलोपर्यंत. म्हणजे ह्युईच्या तिप्पट वजनाचं जनावर. पण नुसत्या आकड्यांसाठी मी हे पहिलं ठेवत नाहीये, त्याची गंमत अशी की रिकामं, अर्ध भरलेलं आणि पूर्ण भरलेलं एमआय-८ ही जवळजवळ तीन वेगळी हेलिकॉप्टरं आहेत. रिकामं असताना सरळ वर उचललं जातं, अर्ध भरलं की पुढे सरकून उचलावं लागतं, आणि पूर्ण १३ टनाला त्याला विमानासारखं धावपट्टीवर पळवावं लागतं, कारण याला चाकं आहेत! स्किडवाल्या ह्युईला हे करता येत नाही. ब्रेक सोडायचा, कलेक्टिव्ह थोडं वर, सायक्लिक पुढे, मागची चाकं हलकी होतात, वेग वाढतो, ४०-५० किमीच्या आसपास अख्खं हेलिकॉप्टर थडथडायला लागतं, आणि मग ते थरथरणं ओसरलं की जमीन सुटते. ही रोलिंग टेकऑफ नीट जमली की जे समाधान मिळतं ते मला कुठल्या फायटर जेटच्या मॉड्यूलमध्ये मिळालं नाही.

ह्युईवरून येणाऱ्याने एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवायची, रशियन रोटर उलट्या दिशेने फिरतो. ह्युईचा वरून बघितलं तर घड्याळाच्या उलट, एमआय-८ चा घड्याळाच्या दिशेने, त्यामुळे कलेक्टिव्ह वर घेतलं की ह्युईत डावं पेडल लागतं आणि इथे उजवं. होव्हरमध्ये कलणंही उलट, ह्युई डावीकडे कलून उभी राहते, हे उजवीकडे. आणि जास्त वजनात कलेक्टिव्ह अति ओढलं तर मुख्य रोटरसोबत शेपटीचा रोटरही मंदावतो, मग उजवं पेडल शेवटपर्यंत दाबलं तरी नाक डावीकडे फिरतच राहतं. हे पहिल्यांदा बघणाऱ्याला मॉड्यूलमध्ये बिघाड आहे असं वाटतं, पण ते अगदी बरोबर आहे, तिथेही उपाय तोच, कलेक्टिव्ह जरा खाली आणि आरपीएम परत.

लांबच्या फेऱ्यांसाठी एमआय-८ किती सोयीचं आहे हे सांगायलाच हवं. ऑटोपायलट आहे, पिच-रोल, हेडिंग आणि उंची असे वेगवेगळे चॅनल, पिच-रोल तर जमिनीवरच चालू करून निघायचं. ट्रिमचं बटण दाबून काठी हव्या त्या जागी धरून सोडली की हेलिकॉप्टर तसंच चालत राहतं, मग नकाशा बघा, रेडिओ लावा, डॉप्लरने कुठवर आलो ते तपासा. हा डॉप्लर म्हणजे जुन्या पद्धतीचा, उड्डाणाआधी त्याला नकाशावरचा कोन द्यायचा, तो पुढे किती आणि बाजूला किती गेलात ते आकड्यात दाखवतो, जीपीएसची सवय झालेल्याला पहिल्यांदा डोकेदुखी वाटेल पण एकदा कळलं की फार मजा. त्याच यंत्रणेचा होव्हर इंडिकेटरही आहे, पुढे-मागे-डावी-उजवीकडे किती सरकताय ते काटे सांगतात, स्लिंगची पेटी आपल्याला दिसत नसताना हा काटा म्हणजे खरा आधार. कॉकपिटमधली अक्षरं रशियन आहेत, सेटिंगमध्ये इंग्रजी करता येतात, मी सुरुवातीला इंग्रजीच ठेवा म्हणेन.

उणीव कुठे आहे? दिसायला हेही आता जुनं झालंय, आणि माल चढवणं-उतरवणं बरंचसं मेनूतून होतं, सर्व्हरवर बहुतेक ठिकाणी सीटीएलडी नावाची स्क्रिप्ट असते तिच्यातून सैनिक आणि पेट्या घ्यायच्या. पेटी पोटात गेलेली डोळ्याला दिसणं ही मजा सुरुवातीला इथे नव्हती. ती चिनूकसोबत आली.

पण चिनूकआधी व्हॉर्टेक्स रिंगबद्दल बोलतोच, कारण माल घेऊन उतरताना नव्या माणसाची सगळ्यात जास्त हेलिकॉप्टरं इथेच फुटतात. वेग कमी, जवळजवळ सरळ खाली उतरताय, उतरण्याचा वेग जास्त आणि इंजिनाला पॉवर दिलेली, अशा वेळी रोटर स्वतःच खाली ढकललेल्या हवेत शिरतो आणि लिफ्ट निसटते. मग कलेक्टिव्ह जितकं ओढाल तितकं वाईट. एमआय-८ मध्ये मी सरळ नियम ठेवलाय, वेग ५० किमीच्या खाली आला की उतरण्याचा वेग सेकंदाला २-३ मीटरच्या वर जाऊ द्यायचा नाही, आणि वजन जास्त असेल तर त्याहूनही कमी. सुटायचं तर नाक खाली करून पुढे पळायचं, किंवा व्हुइशार पद्धत, ज्यात पॉवर देऊन बाजूला सरकून स्वच्छ हवेत जातात. ही पद्धत क्लॉड व्हुइशार या स्विस पायलटच्या नावाने ओळखली जाते आणि उंची फार न गमावता सुटता येतं म्हणून डोंगरात खूप कामाची. चिनूकसारख्या दोन रोटर एकामागे एक असलेल्या हेलिकॉप्टरमध्ये तर बाजूलाच निसटायचं असतं, पुढे नाही, हे लक्षात ठेवा.

आता सीएच-४७एफ. २०२४ च्या जुलैमध्ये अर्ली ॲक्सेसमध्ये, म्हणजे पूर्ण तयार व्हायच्या आधीच विक्रीला, आलं. पहिलं चिनूक उडालं १९६१ लाच, एमआय-८ च्याच वर्षी, पण हे एफ मॉडेल आतून एकदम आधुनिक, समोर पाच मोठे स्क्रीन, डिजिटल फ्लाइट कंट्रोल, फ्लाइट प्लॅन कीपॅडवर टाइप करायचा. दोन हनीवेल टी५५ इंजिनं, प्रत्येकी ४,७०० हॉर्सपॉवरच्या वर, १८.३ मीटरचे दोन रोटर एकमेकांच्या उलट फिरणारे, एकूण वजन ५०,००० पाउंड म्हणजे २२,६८० किलो. शेपटीचा रोटर नाही, त्यामुळे इंजिनाची जी ताकद बाकीच्यांमध्ये नाक सरळ ठेवण्यात खर्च होते ती इथे सगळी उचलण्यात जाते, वारा कुठूनही आला तरी फारसं बिघडत नाही, आणि माल थोडा पुढे-मागे ठेवला गेला तरी दोन रोटर तो सांभाळून घेतात. पोटाखाली तीन हुक, मधला एकटाच २६,००० पाउंड घेतो.

उडवायला म्हणाल तर ह्युई आणि एमआय-८ नंतर हे इतकं शांत वाटतं की विचारू नका. कुटाइसीहून जो माल एमआय-८ ला पळत जाऊन उचलावा लागला तो चिनूकने जागेवरून उचलला, त्याच डोंगरावर, त्याच तापमानात. पेडल दाबलं की पुढचा रोटर एका बाजूला आणि मागचा दुसऱ्या बाजूला कलतो, त्यामुळे वळणं वेगळं वाटतं, पुढे-मागे भरपूर लांबी आहे याचं भान लागतं, लँडिंगमध्ये मागची चाकं आधी टेकतात. आणि याच गोष्टीमुळे एक अफाट प्रकार करता येतो, डोंगराच्या कड्यावर नुसती मागची चाकं टेकवायची, पुढचा भाग हवेत तरंगत ठेवायचा, रॅम्प उघडून माणसं उतरवायची आणि निघून जायचं. खरे चिनूक पायलट हे करतात आणि सिममध्ये ते जमवायला शिकणं हे या मॉड्यूलचं सगळ्यात मोठं आकर्षण आहे, मी तर त्यासाठीच घ्या म्हणेन.

मालाची गोष्ट इथे सगळ्यात पुढे गेली आहे. चिनूकसोबत डीसीएसमध्ये डायनॅमिक कार्गो आलं, म्हणजे तळावरच्या गोदामातून पेटी तयार होते, ती खरोखर हेलिकॉप्टरच्या पोटात जाऊन बसते, दुसऱ्या तळावर उतरवली की तिथल्या साठ्यात जमा होते. म्हणजे तुम्ही नेलेल्या दारूगोळ्यावर दुसऱ्या कुणाचं तरी विमान उडणार! मल्टिप्लेअरमध्ये यामुळे ट्रान्सपोर्ट पायलटला पहिल्यांदाच खरी किंमत आली असं मला वाटतं, आधी माल नेऊन टाकला तरी त्याचं पुढे काय झालं हे स्क्रिप्टवर अवलंबून असायचं.

मग चिनूक पहिलं का नाही? दोन कारणं. एक म्हणजे अर्ली ॲक्सेस, फीचर्स हप्त्याहप्त्याने येतात, त्यामुळे घेण्याआधी ताज्या अपडेटची यादी वाचा आणि तुम्हाला लागणारी गोष्ट आज आहे का तेवढंच बघा, पुढे येणार आहे यावर घेऊ नका. दुसरं कारण माझ्यासाठी जास्त मोठं आहे. ताकद इतकी आहे की वजनाचा विचार करायची वेळच फार कमी येते, कंट्रोल सिस्टीम इतकं सांभाळून घेते की भरलेलं आणि रिकामं यातला फरक हाताला पुसट लागतो. ज्याला लॉजिस्टिक्स आवडतं, मार्ग आखणं, साठा हलवणं, मित्रासोबत दोन सीटवर काम वाटून घेणं, त्याच्यासाठी चिनूकच. ज्याला हातातलं वजन हवंय त्याला एमआय-८.

हिंड, एमआय-२४पी, पटकन. २०२१ चं मॉड्यूल, दिसायला आणि आवाजाला जबरदस्त, मागे ८ सैनिक बसतात म्हणून या यादीत घेतलं, पण हे मुळात हल्ल्याचं यंत्र आहे, सैनिक भरल्यावर शस्त्रं कमी करावी लागतात नाहीतर डोंगरात ते उठायलाच तयार होत नाही. आखूड पंख वेगात लिफ्ट देतात पण होव्हरमध्ये त्यांचा काही उपयोग नाही, उलट रोटरची हवा अडवतात. ३०० किमीच्या पुढे पळतं, त्यामुळे एखादी छोटी तुकडी झपकन पुढे टाकून वरून संरक्षण देत फिरायचं, एवढ्या एका कामाला अप्रतिम. निव्वळ ट्रान्सपोर्टसाठी घेऊ नका.

ब्लॅक हॉक हवं असेल तर यूएच-६०एलचा कम्युनिटी मॉड फुकट मिळतो आणि फुकटच्या मानाने काम थक्क करणारं आहे, फक्त मल्टिप्लेअरमध्ये सर्व्हरवरही तो मॉड असावा लागतो, म्हणून मी त्याला विकतच्या मॉड्यूल्सशी तोलत नाही. एक्स-प्लेनमध्ये एक्स-ट्रायडंटचं सीएच-४७डी आहे, स्लिंग आणि रॅम्पसकट, आणि मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्येही २०२२ च्या नोव्हेंबरपासून हेलिकॉप्टरं अधिकृतपणे आली, तिथला निसर्ग बघत उडायची मजा वेगळीच. पण लष्करी ट्रान्सपोर्टमध्ये माल ज्याला हवाय तो खाली कुठेतरी वाट बघतोय आणि वाटेत कुणी गोळीबार करू शकतं, हे दोन्ही डीसीएसमध्येच आहे, म्हणून मी तिथेच रमलो.

घेण्याआधी दोन कामाच्या गोष्टी. डीसीएसच्या स्टँडअलोन आवृत्तीत बहुतेक मॉड्यूल्स १४ दिवस फुकट चालवून बघता येतात, स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानावर ही सोय नाही, तेव्हा आधी तिथे बघा आणि त्या १४ दिवसांत रिकामं उडवत बसू नका, पहिल्या दिवसापासून माल भरा. आणि कंट्रोल्स. साधी स्प्रिंगवाली जॉयस्टिक असेल तर स्पेशल सेटिंगमध्ये ट्रिमचा असा पर्याय निवडा ज्यात ट्रिम दाबल्यावर काठी मध्यावर येईपर्यंत सिम तिच्या हालचाली मोजत नाही, नाहीतर ट्रिम केल्या केल्या हेलिकॉप्टर उडी मारतं आणि खाली पेटी लटकलेली असेल तर तो झोका आवरता आवरत नाही. पायाची पेडल्स परवडत असतील तर कलेक्टिव्हच्या आधी ती घ्या, कारण वजन भरलेल्या एमआय-८ ला मनगट वळवून सरळ ठेवणं फार कठीण जातं. साधं थ्रॉटल कलेक्टिव्ह म्हणून चालतं, फक्त त्याची दिशा आधी ठरवा, ओढल्यावर वर की ढकलल्यावर वर, आणि सगळ्या हेलिकॉप्टरांना तीच ठेवा.